एका फुलाचे चाळीस फोटो



बचत गटाच्या बायका हप्ता, व्याज आणि बँकेच्या चकरा सोडून आज फोटोबद्दल काय बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. पण आमच्या गटातल्या नऊजणी फुलझाडांची रोपं करून विकतात. पूर्वी गिऱ्हाईक बाजारात येऊन फूल बघायचं, आता आधी मोबाईलवर फोटो मागतं. आणि फोटोत फूल काही पुरतं येत नाही. पाकळीची कड आली तर आतलं केसर धूसर, केसर आलं तर पाकळी पुसल्यासारखी. भारी मोबाईलने काढलं तरी तेच. असं का होतं याचा माग काढत आम्ही वाचायला बसलो, तर कळलं की ही अडचण मोबाईलची नाहीच. साडेतीनशे वर्षं माणसं तिच्याशी झगडत आली आहेत, आणि त्या झगड्यात बायकांचा हात बराच आहे. आज तो इतिहास सांगायचा आहे.

आधी अडचण नीट समजून घेऊ. सुईत दोरा ओवताना बघा. सुई डोळ्यापुढे धरली की मागची भिंत पुसट होते. भिंतीकडे नजर लावली की सुई पुसट होते. डोळ्यातलं भिंग एका वेळी एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवतं. आपल्याला ते जाणवत नाही, कारण नजर क्षणात पुढे-मागे होते आणि मन सगळं जोडून एक चित्र करतं. कॅमेऱ्याला असं मन नसतं. तो एका क्षणी जिथे नजर लावतो तेवढंच घेतो. लांबून काढलेल्या लग्नाच्या फोटोत हे खटकत नाही, पण वस्तू जितकी जवळ आणि जितकी मोठी करून बघावी, तितकी स्पष्ट दिसणारी पट्टी बारीक होत जाते. लहान वस्तू जवळून मोठी करून टिपण्याला मॅक्रो फोटोग्राफी म्हणतात, आणि तिथे ही पट्टी फारच बारीक असते.

हिशेबच करू, आपल्याला हिशेबाची सवय आहे. मोठ्या कॅमेऱ्याने, भिंगाचं भोक मध्यम ठेवून जास्वंदीचं फूल निम्म्या आकारात टिपायचं म्हटलं, तर एका फोटोत जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. फूल खऱ्या आकाराएवढं टिपायचं असेल तर एकच मिलिमीटर. जास्वंदीचा मधला दांडा टोकापासून तळापर्यंत सहा-सात सेंटिमीटर लांब. समोरून बघताना दर दोन मिलिमीटरला एक फोटो घ्यायचा तर पस्तीस होतात, मागचे-पुढचे धरून चाळीस. मग त्या चाळीस फोटोंतला फक्त स्पष्ट भाग घेऊन एक फोटो करायचा. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. स्टॅक म्हणजे चवड, भाकऱ्यांची असते तशी. फोटोंची चवड लावायची आणि वरून बघितल्यावर प्रत्येक भाकरीचा चांगला भाजलेला तेवढाच भाग दिसावा, असं काहीसं.

आता मागे जाऊ. १६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हूक यांचं ‘मायक्रोग्राफिया’ नावाचं पुस्तक निघालं. सूक्ष्मदर्शकातून बघितलेल्या वस्तूंची त्यात मोठमोठी चित्रं होती. पिसू, ऊ, चिडवणाऱ्या खाजकुइलीसारख्या पानाचे काटे, आणि आपली खसखससुद्धा. खसखशीचा दाणा मोठा करून बघितला तर त्यावर मधाच्या पोळ्यासारखी घरं असतात, हे त्या चित्रात आहे. वाटणात खसखस आपण इतकी वर्षं घालतोय, पण असं तिचं तोंड कुणी बघितलं होतं?

गंमत अशी की हूक यांच्या सूक्ष्मदर्शकातही एका वेळी पूर्ण दाणा स्पष्ट दिसत नव्हता. नळी थोडी वर, थोडी खाली करावी लागे. आपण काढायला बसण्याआधी ती वस्तू वेगवेगळ्या उजेडात, वेगवेगळ्या बाजूंनी खूपदा बघतो आणि तिचा खरा आकार कळला की मगच चित्र काढतो, असं त्यांनी प्रस्तावनेत सांगितलं आहे. म्हणजे ते चित्र एका नजरेचं नव्हतं. कितीतरी नजरांची चवड हाताने लावलेली होती. आम्हाला वाटतं, फोकस स्टॅकिंगचा इतिहास इथूनच धरावा. संगणक पुढे आला, पण त्याने केलं ते हेच.

पुढची दोनशे वर्षं फुलांची चित्रं काढणारे हेच करत राहिले. याची एक खूण आपल्या जवळच आहे. पुण्याजवळच्या दापोडीला तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम असे, आणि तिथे सरकारी बाग होती. अलेक्झांडर गिब्सन नावाचे स्कॉटिश डॉक्टर ती बाग सांभाळत. औषधी झाडं लावणं, दवाखान्यांना औषधाचा माल पुरवणं हे त्या बागेचं काम. १८४७ ते १८५० या काळात गिब्सन यांनी बागेतल्या आणि आसपासच्या झाडाफुलांची चित्रं काढून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये एडिंबराच्या वनस्पती उद्यानाकडे जपलेली आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांच्यावर मोठं पुस्तक केलं. फूल समोरून, कळी बाजूने, फळ कापून, असं सगळं एका कागदावर.

ही चित्रं काढली कुणी? एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने. नाव माहीत नाही. गिब्सन यांचं नाव आहे, बागेचं नाव आहे, झाडांची लॅटिन नावं आहेत. ज्याने उन्हापावसात बसून एकेका पाकळीच्या शिरा मोजल्या त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता, तेव्हा राजे आणि लढाया पाठ केल्या. असल्या रिकाम्या जागा कुणी दाखवल्या नाहीत. गटाचं रजिस्टर लिहायला लागल्यापासून मात्र अशी रिकामी जागा डोळ्यात लगेच खुपते.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये ॲना ॲटकिन्स नावाच्या बाई वेगळ्याच वाटेने चालल्या होत्या. १७९९ चा त्यांचा जन्म. आई लहानपणीच गेली, वडील शास्त्रज्ञ, त्यांच्याच हाताखाली शिकल्या. १८४२ साली जॉन हर्शेल यांनी कागदावर निळं छायाचित्र उमटवण्याची एक रीत शोधली. कागदाला लोहाचे क्षार लावायचे, वर वस्तू ठेवायची, उन्हात धरायचं आणि पाण्यात धुवायचं. ऊन लागलं तिथे गडद निळं, वस्तूच्या सावलीत पांढरं. हर्शेल यांची ॲटकिन्स घराण्याशी ओळख होती, आणि बाईंनी ही रीत लगेच उचलली. समुद्रातल्या शेवाळाचे नमुने त्यांनी कागदावर ठेवून उन्हात छापले आणि १८४३ पासून त्यांचं पुस्तक भागाभागाने काढलं. छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. पुढे इंजिनिअरांचे बांधकामाचे निळे नकाशे याच रीतीने निघू लागले. ब्लू प्रिंट हा शब्द आपण ऐकतो ना, तो त्यातलाच.

आता बघा, या कामात भिंगच नव्हतं. भिंग नाही म्हणून धूसर होण्याचा प्रश्नही नाही. पण त्याचा मोबदला होता. शेवाळ पातळ आणि चपटं, ते सुरेख उमटतं. फुलाला जाडी असते. नंतर बाईंनी आपली मैत्रीण ॲन डिक्सन यांच्याबरोबर नेच्यांचे आणि फुलझाडांचे ठसे घेतले, तेव्हा नेच्याचं पान नक्षीसारखं आलं, पण फुलाची मुख्यतः बाह्यरेषाच आली. आतलं केसर सावलीत बुडून गेलं. फूल चपटं केल्याशिवाय कागदाला कळत नव्हतं.

ॲटकिन्स बाईंनी पुस्तकावर पूर्ण नाव घातलं नाही. प्रस्तावनेखाली फक्त दोन अक्षरं, ए. ए. पुढे एका अभ्यासकाने त्याचा अर्थ ‘अनामिक हौशी माणूस’ असा लावला! इंग्रजीत त्या शब्दांची आद्याक्षरंही तीच होतात. जगातलं पहिलं छायाचित्रांचं पुस्तक करणारी बाई हौशी अनामिक ठरली.

तिसरी बाई तर जन्माने मुंबईचीच. मटिल्डा स्मिथ, जन्म १८५४. लहानपणीच घरच्यांबरोबर इंग्लंडला गेल्या. लंडनजवळच्या क्यू इथल्या मोठ्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख जोसेफ हूकर त्यांचे लांबचे भाऊ लागत. ‘कर्टिसेस बॉटॅनिकल मॅगझिन’ हे फुलांच्या चित्रांचं मासिक १७८७ पासून चालू होतं आणि अजूनही चालू आहे. त्याचे जुने नावाजलेले चित्रकार वॉल्टर फिच यांचं हूकर यांच्याशी मोबदल्यावरून बिनसलं आणि ते सोडून गेले. मासिक अडलं. तेव्हा हूकर यांनी या बहिणीला शिकवून तयार केलं. चित्रकलेच्या शाळेचा दाखला नव्हता, सराव मात्र होता. १८७८ साली त्यांचं पहिलं चित्र छापून आलं, आणि मग चाळीसहून अधिक वर्षं त्या काढत राहिल्या. त्या मासिकासाठी २३०० च्या वर चित्रं. १८९८ साली क्यूने त्यांना अधिकृत चित्रकार नेमलं. या पदावरच्या त्या पहिल्याच.

चाळीस वर्षांत २३०० म्हणजे आठवड्याला एकाहून जास्त. घरकाम करून कोण हे करेल, असं आमच्यातल्या एक काकू लगेच म्हणाल्या. स्मिथ बाईंचं लग्न झालं नव्हतं, एवढंच त्यावर सांगता येतं.

त्यांच्या हातचं खरं कसब वाळलेल्या फुलांत होतं. दूरदेशीची झाडं क्यूला यायची ती दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून. पापडासारखं चपटं झालेलं तपकिरी फूल. अशा फुलाचा एखादा भाग गरम पाण्यात भिजवून मऊ करायचा, सुईने उलगडायचा, भिंगाखाली बघायचा, आणि मग ते फूल जिवंत असताना कसं दिसत असेल ते कागदावर उभं करायचं. स्मिथ बाई यात इतक्या तरबेज होत्या की वाळलेल्या नमुन्यात जीव आणणारी चित्रकार अशीच त्यांची ख्याती झाली. मधोमध फूल, आणि कडेला छोट्या आकड्यांनी दाखवलेले सुटे भाग: एक केसर, एक परागकोश, बीजाचं घर कापून. कॅमेरा ज्याला एका क्षणात पकडू शकत नाही ते सगळं एका पानावर, आणि सगळं सारखं स्पष्ट. नजर पुढची, मागची, आतली, सगळ्या चवडीने लावलेल्या.

त्यांना मान मिळाला, पण उशिरा. लंडनच्या लिनियन सोसायटीत, म्हणजे वनस्पती आणि प्राणी यांच्या अभ्यासकांच्या जुन्या मंडळात, १९०४ पर्यंत बायकांना सभासद होता येत नव्हतं. १९२१ साली स्मिथ बाईंना त्या मंडळाने सहयोगी सभासद करून घेतलं. हा मान मिळालेल्या त्या दुसऱ्या बाई. मेक्सिकोकडच्या एका सुंदर घंटेसारख्या फुलांच्या झाडाच्या जातीला त्यांच्यावरून स्मिथियान्था नाव आहे, ते मात्र १८९१ सालीच ठेवलं गेलं. म्हणजे माणसांच्या आधी फुलांनी त्यांचं नाव घेतलं म्हणायचं. आणि आणखी एक. या मासिकातली चित्रं दगडावरून छापायची आणि मग एकेक प्रत हाताने रंगवायची, १९४८ पर्यंत. चित्राखाली स्मिथ बाईंची एम. एस. ही अक्षरं बारीक छापलेली असत. प्रत्येक अंकाच्या प्रत्येक प्रतीत रंग भरणाऱ्यांची अक्षरंही नसत.

मग कॅमेरा आला आणि सगळं सोपं झालं, असं शाळेत शिकवतात. फुलाच्या बाबतीत कॅमेऱ्याने उलट एक पाऊल मागे घेतलं. चित्रकाराला जमत होतं ते त्याला जमेना. त्यावर पहिला उपाय सोपा होता: भिंगाचं भोक लहान करा. आमच्या सासूबाईंच्या वयाच्या बायका चष्मा नसला की पासबुक वाचताना डोळे बारीक करतात, तोच हा उपाय. भोक लहान झालं की स्पष्ट पट्टी रुंदावते. पण उजेड कमी येतो, म्हणून फोटोला वेळ जास्त लागतो, आणि फूल तर हलतं. शिवाय भोक फारच लहान केलं तर उजेड त्याच्या कडेला पसरतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो. एका बाजूने ओढावं तर दुसरी उघडी पडते, अपुऱ्या गोधडीसारखं.

बर्लिनमधले कार्ल ब्लॉसफेल्ड हे याच उपायावर किती पुढे जाता येतं याचं उदाहरण. ते कलाशाळेत शिकवत. लोखंडी जाळ्या, खांब, नक्षीकाम करणाऱ्या मुलांना निसर्गातले आकार दाखवायचे म्हणून त्यांनी स्वतः बांधलेल्या कॅमेऱ्याने कोंब, कळ्या, बिया, नेच्याचे गुंडाळलेले शेंडे टिपले. काही तीसपट मोठे करून. साधी पार्श्वभूमी, मऊ उजेड, खोलीत स्थिर ठेवलेली फांदी. तीस वर्षं हे चाललं आणि १९२८ साली त्यांचं पुस्तक निघालं तेव्हा कुठे लोकांना ते माहीत झाले. पण त्यांची झाडं नीट बघितली तर लक्षात येतं की त्यांनी चपटे, सरळ, बाजूने दिसणारे आकार जास्त निवडले आहेत. जास्वंदीसारखं तोंडावर येणारं खोल फूल त्या रीतीला फारसं मानवणारं नव्हतंच.

खरा तोडगा १९६० च्या दशकात अमेरिकेत निघाला, आणि तो ऐकून आम्हाला फार मजा वाटली. डॅन मॅकलॅकलन नावाच्या संशोधकांनी युक्ती काढली. दुपारी अंधाऱ्या खोलीत दाराच्या फटीतून उन्हाचा पातळ पट्टा येतो, त्यात धूळ नाचताना दिसते, आठवलं? तसा उजेडाचा पातळ पट्टा वस्तूवर टाकायचा, बाकी सगळा अंधार. कॅमेऱ्याची नजर नेमकी त्या पट्ट्यावर लावायची आणि झडप उघडीच ठेवायची. मग वस्तू हळूहळू त्या पट्ट्यातून पुढे सरकवायची. ज्या भागावर उजेड पडेल तोच फिल्मवर उमटतो, आणि उजेड फक्त स्पष्ट जागेवरच आहे. धूसर भाग अंधारात, म्हणून तो उमटतच नाही. वस्तू पूर्ण सरकली की एकाच फिल्मवर टोकापासून तळापर्यंत सगळं स्पष्ट. संगणक नाही, काही नाही. पण यंत्र अवघड आणि महाग, म्हणून ते प्रयोगशाळेतच राहिलं.

संगणकाचा भाग थोडक्यात सांगते म्हणजे कंटाळा येणार नाही. १९८३ साली पीटर बर्ट आणि एडवर्ड एडेल्सन या दोघांनी चित्र साठवायची एक रीत मांडली. मूळ हेतू चित्र कमी जागेत मावावं हा होता. चित्र वेगवेगळ्या चाळण्यांतून चाळायचं: आधी गव्हाची चाळण, मग रव्याची, मग मैद्याची. मोठे आकार एका चाळणीत राहतात, बारीक रेघा दुसरीत. थोड्याच दिवसांत त्यांच्या मंडळींनी दाखवलं की वेगवेगळ्या अंतरावर नजर लावलेले दोन फोटो असे चाळले, आणि प्रत्येक चाळणीत ज्या फोटोचा दाणा जास्त ठळक तो घेतला, तर परत मिसळल्यावर दोन्हींतलं स्पष्ट तेवढं एका फोटोत येतं. धूसर जागेत बारीक दाणा नसतोच, म्हणून संगणकाला निवड करता येते.

डिजिटल कॅमेरे स्वस्त झाल्यावर ही रीत घराघरांत आली. ॲलन हॅडली यांनी कम्बाइनझेड नावाचं सॉफ्टवेअर केलं आणि सगळ्यांना फुकट दिलं. युक्रेनच्या खारकिव्ह शहरातून हेलिकॉन फोकस आलं, अमेरिकेतून रिक लिटलफील्ड यांचं झेरीन स्टॅकर. २००८ साली फोटोशॉपमध्ये ही सोय आली. २०१५ मध्ये ऑलिंपस कंपनीने कॅमेऱ्याच्या आतच चवड लावण्याची सोय दिली. लिव्हॉन बिस या ब्रिटिश छायाचित्रकारांनी २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या संग्रहालयातल्या किड्यांचे फोटो दाखवले, त्यातला एकेक फोटो आठ हजारांच्या आसपास तुकड्यांतून झालेला. दोन फोटोंमधलं अंतर केसाच्या जाडीच्या एका लहान हिश्शाएवढं. पण ते किडे टाचणीला लावलेले होते. मेलेला किडा हलत नाही. बागेतल्या फुलाला वारा आहे, ऊन आहे, आणि जास्वंद तर सकाळी उघडते आणि संध्याकाळी मिटते. चाळीस फोटो होईपर्यंत फूल तेच राहील याची खात्री नाही.

इथे एक प्रश्न आमच्या बैठकीत निघाला, आणि तो निघायलाच हवा होता. असा फोटो खरा का खोटा? चाळीस क्षण जोडून केलेला एक क्षण कधी घडलाच नव्हता. शेवंतीवाल्या वहिनींनी घराच्या ओट्यावर मोबाईलने दहा फोटो काढले होते. मोबाईलचा कॅमेरा लहान, त्यामुळे त्यात एकेका वेळी एखादा सेंटिमीटर स्पष्ट येतो आणि आठ-दहा फोटोंत फूल भागतं. काही मोबाईल ॲपमध्ये नजर टप्प्याटप्प्याने पुढे सरकवायची सोय असते. त्यांच्या पुतण्याने ते फोटो संगणकावर जोडून दिले. फूल देखणं आलं, पण पाकळीवर एकच मुंगी तीन ठिकाणी दिसत होती. ती चालत होती ना! कुणी म्हणालं पुसून टाका. कुणी म्हणालं, मुंगी पुसायची तर मग डाग लागलेली पाकळीही पुसाल, आणि उद्या गिऱ्हाइकाला दिलेलं रोप फोटोसारखं निघालं नाही की तोंड कुणी द्यायचं?

आमचं मत असं झालं. जोडलेला फोटो क्षणाबद्दल खरा नाही, पण फुलाबद्दल खरा आहे. स्मिथ बाईंचं चित्रही तसंच होतं. ज्या दिवशी त्यांनी काढलं त्या दिवशी ते फूल जिवंतही नव्हतं, तरी झाड ओळखायला त्याहून भरवशाचं काही नव्हतं. फसवणूक सुरू होते ती कसं केलं ते लपवलं की. अमेरिकेच्या भूगर्भशास्त्र खात्यात सॅम ड्रोगी यांच्या प्रयोगशाळेने मधमाश्यांचे असे शेकडो फोटो केले आहेत. माशी आधी साबणाच्या पाण्यात धुतात, केस वाळवायच्या यंत्राने तिची लव फुलवतात, मग फोटोंची चवड लावतात. हे फोटो कुणालाही फुकट वापरता येतात, आणि खालच्या मजकुरात कोणता कॅमेरा, कोणतं भिंग, कोणतं जोडणारं सॉफ्टवेअर हे मोकळेपणाने लिहिलेलं असतं. ही पद्धत आम्हाला पटली.

म्हणून गटात आता दोन वेगळे नियम आहेत. रोपांच्या यादीसाठी फोटो जोडायचा, पण रंग चढवायचा नाही, डाग पुसायचा नाही, आणि खाली लिहायचं: दहा फोटो जोडून. रोगकिडीचा सल्ला मागायचा असेल तर मात्र जोडलेला फोटो मुळीच पाठवायचा नाही. शेवंतीत फुलकिडे असतात, मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे, सारखे पळणारे. चवड लावली की एकाचे चार दिसतात नाहीतर गायबच होतात, आणि सल्ला देणारा चुकीची फवारणी सांगेल. तिथे सुटे दहाच्या दहा फोटो पाठवायचे. फूल पांढऱ्या कागदावर झटकून पडलेल्या किड्यांचा फोटो वेगळा. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, कारण फवारणीचा खर्च आपल्याच खिशातून जातो. आणि यादीतल्या प्रत्येक फोटोखाली दोन नावं येतात, झाड लावणारीचं आणि फोटो काढणारीचं. आद्याक्षरं नाहीत, पूर्ण नाव. पहिल्यांदा दोघीतिघींनी नको-नको केलं, नाव कशाला म्हणून. आता यादी छापून आली की त्याच आधी आपलं नाव शोधतात.

ज्यांना स्मिथ बाईंची चित्रं बघायची आहेत त्यांच्यासाठी सांगते. त्या मासिकाचे जुने अंक ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ नावाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. मुलांकडून उघडून घ्या. १८७८ नंतरच्या चाळीस वर्षांतला एखादा अंक काढा, एखादं चित्र दोन बोटांनी मोठं करा आणि खालच्या कडेला बघा. छापलेल्या रेघेशी अगदी चिकटून, मुंगीएवढी, एम. एस. ही अक्षरं बऱ्याच चित्रांवर सापडतील.